उजळणीच्या तासाला बोलायचं कोणी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परीक्षेला तीन आठवडे उरले की वर्गावर्गातून एकच आवाज ऐकू येतो, शिक्षकांचा. धडा पुन्हा पहिल्यापासून, सूत्रं पुन्हा फळ्यावर, मुलं पुन्हा वहीत उतरवून घेतात. मी २२ वर्षं आठवी-नववीला गणित शिकवते आहे आणि त्यातली निम्मी वर्षं मीही हेच केलं. मुलं माना डोलवायची, मला वाटायचं समजलं. पेपर तपासायला घेतले की जीव तुटायचा.

आता उजळणीच्या तासाला मी आधी एक कोरा कागद देते. वह्या-पुस्तकं मिटलेली. मागच्या महिन्यात शिकवलेल्या प्रकरणातलं जे आठवेल ते सात मिनिटांत लिहायचं. मग कागद शेजाऱ्याकडे, त्याने राहिलेलं वेगळ्या शाईने भरायचं. त्यानंतरच पुस्तक उघडायचं. दोघांनाही जे सुचलं नाही, तेवढंच मी पुन्हा शिकवते. सुरुवातीला मुलं वैतागतात, ‘बाई, काहीच आठवत नाही’ म्हणतात. पण डोकं खाजवून आठवणं, हीच तर उजळणी! रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा चार सत्रं नुसता वाचला. दुसऱ्याने एक सत्र वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्याने विचारलं तर त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आपण शिक्षक फसतो ते इथेच, कारण आपण लगेच विचारतो.

प्रश्नमंजूषा मात्र मी बंद केली. दोन गट, घंटा, भरपूर आरडाओरडा, पण उत्तरं देणारी तीच चार मुलं. त्यापेक्षा प्रत्येकाच्या हातात पाटी द्यावी आणि ‘एक, दोन, तीन’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम वर करावी. मागच्या बाकावरचं उत्तरही दिसतं.

हुशार मुलांवर आपण वेगळाच अन्याय करतो. गणितं आधी सोडवून झाली की त्यांना तसलीच आणखी दहा देतो. लवकर संपवल्याची ती शिक्षाच झाली. मी एकदा फळ्यावर मुद्दाम चुकीचं लिहिलं: (अ + ब)² = अ² + ब². चूक शोधा म्हटलं. कोणी ३ आणि ४ घालून पाहिले, एकीकडे ४९ आले, दुसरीकडे २५. एकीने चौरस काढून त्याचे चार तुकडे केले आणि सुटलेले दोन आयत, म्हणजेच २अब, रंगवून दाखवले. ज्यांचं झालं होतं त्यांना मी विचारलं, ‘हे कधी बरोबर ठरेल का?’ ‘कधीच नाही,’ सगळे एका सुरात. थोड्या वेळाने, एरवी तोंडही न उघडणारा एक मुलगा उभा राहिला. ‘बाई, एक जण शून्य असेल तर?’ मी म्हटलं, आणखी कधी? मग २अब शून्य व्हायलाच हवं, म्हणजे दोघांपैकी एक तरी शून्य, दुसरा मार्गच नाही, इथपर्यंत मुलं आपली आपण पोचली. तास संपल्याची घंटा झाली तरी तो मुलगा खडू सोडायला तयार नव्हता.

आपल्याला एक विनंती. परीक्षेच्या दिवसांत वृत्तपत्रांतून नमुना उत्तरं छापून येतात. त्यांच्याशेजारी रोज एक चुकीचं सोडवलेलं गणित छापावं, ‘चूक शोधा’ एवढंच लिहून. उत्तर त्या दिवशी नको, आठवड्याने द्यावं.

आपली,
एक गणित शिक्षिका