शाळेचे ऑनलाइन वृत्तपत्र जूनमध्येच का बंद पडते?

महोदय,
शाळांची ऑनलाइन वृत्तपत्रे बहुधा जूनमध्ये थांबतात, कारण खाते दहावीच्या मुलाच्या नावावर असते आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. ब्लॉगर ही गुगलची ब्लॉग काढायची सेवा फुकट आहे. पण खाते शाळेच्या ईमेलवर काढून २ शिक्षकांना ॲडमिन करावे. संपादक नववीतलाच नेमावा, दहावीला वेळ कुठे मिळतो! मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकावर मराठी नीट दिसेल अशा पद्धतीने, टाइप करावा. जुन्या फॉन्टमधला पेस्ट केला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मोबाइलचा ४-५ एमबीचा फोटो आधी १२०० पिक्सेल रुंदीचा करावा. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नकोतच. मुख्याध्यापकांनी बातमीतली नावे, तारखा जरूर तपासाव्यात. पण शाळेतल्या गळक्या नळाची खरी बातमी कृपया काढून टाकू नये.

— एक माध्यमिक शिक्षक