तुटलेल्या बोल्टला घाई चालत नाही

माननीय संपादक,

गंजलेला बोल्ट तुटला की बहुतेक जण लगेच एक्स्ट्रॅक्टर (तुटलेल्या बोल्टात भोक पाडून, त्यात उलटा फिरवून रुतवायचे आणि बोल्ट बाहेर काढायचे अवजार) हाती घेतात आणि तिथेच काम बिघडते, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते. एक्स्ट्रॅक्टर कठीण, पण ठिसूळ पोलादाचा असतो. तो भोकातच मोडला, तर साधे ड्रिल त्याला भेदू शकत नाही. म्हणून आधी आट्यांत मुरणारे तेल सोडून शक्यतो रात्रभर थांबावे, हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि तेल पूर्ण पुसल्यावरच भोवतालचा भाग तापवावा. तरीही बोल्ट न सुटल्यास तुटलेले टोक कानशीने सपाट करून अगदी मध्यभागी पंचाने खूण करावी, कारण ती जरा बाजूला गेली आणि भोवतालचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा असला, तर ड्रिल त्या मऊ अ‍ॅल्युमिनियमकडे सरकून आटे खाते. डाव्या फिरकीचे, म्हणजे उलट दिशेने फिरून कापणारे ड्रिल वापरले, तर भोक पडता पडताच अडकलेला तुकडा हळूच फिरू लागतो आणि पुष्कळदा एक्स्ट्रॅक्टरची गरजच उरत नाही. स्क्रूची खाच झिजली असेल, तर योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर ठोकून बसवावा आणि पूर्ण दाब देऊन फिरवावा. हे सारे करताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

आपला,
एक वाचक