तायडे, ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी

प्रिय तायडे,

रविवारी फोन तू ठेवलास का आपोआप कट झाला ते मला कळलं नाही, घरात रेंजचं काय चालतं तुला माहितीच आहे, पण आई म्हणाली तिनेच ठेवला. म्हणून म्हटलं लिहूनच पाठवू. बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, मग तुझा चढतो, मग आक्का मध्ये पडते आणि मूळ विषय बाजूलाच राहतो. शुक्रवारपर्यंत बीएडच्या कॉलेजांचा ऑप्शन फॉर्म भरायचाय म्हणालीस, त्याच्या आत हे एकदा वाच. क्लासवरून आल्यावर, जेवण करून, निवांत.

तुला बीएड करायचंय, कर. एमएस्सीचं मी डोक्यातून काढलं. सीईटीचा स्कोअर आला तेव्हा मी शाळेत होतो, तुझा मेसेज बघितला आणि आधी हेडसरांना जाऊन सांगितलं, मग स्टाफरूममध्ये, मग शिपाईमामांना, हे आईने तुला सांगितलं असेलच. मग दुपारी पगारबिलं करायला बसलो, शालार्थ, ते पगाराचं सरकारी पोर्टल, उघडलं आणि एकेक नाव खाली सरकवताना मला दत्तामामा आठवला. संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी जे काही बोललो ते त्यातनं आलं. पण दत्तामामाचं आज काढायचं नाही असं ठरवून बसलोय.

मुद्दा असा आहे की तुझ्या मैत्रिणीने जे कॉलेज सांगितलंय ते नको. हजेरीची कटकट नाही, परीक्षेपुरतं जायचं, पाठ, फायली, इंटर्नशिप सगळं तेच लोक बघणार आणि तू दोन वर्षं पुण्यात क्लासवर महिना पंचवीस हजार कमावणार. हिशोब चांगला दिसतो. मी पण रात्री कागदावर मांडून बघितला, फी जाऊन चार पैसे हातात राहतात. पण तायडे, शाळेचा शिक्का माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असतो. इंटर्नशिपची फाईल घेऊन पोरं माझ्याकडेच येतात. दरवर्षी येतात. गाडी गेटच्या बाहेर चालूच ठेवतात, सर फक्त सही-शिक्का द्या, बाकी सगळं भरलंय. सोळा आठवड्यांची हजेरी एका बैठकीत एकाच पेनाने भरलेली असते. हेडसर देत नाहीत, मग ती पोरं दुसरीकडे जातात आणि दुसरीकडे मिळतो, हे पण मला माहिती आहे. त्यांची डिग्री पण तुझ्यासारखीच दिसणार, कागदावर काही फरक नाही.

आणि मागच्या वर्षी ती म्हसवडची मुलगी आली होती, तू बघितलंयस तिला, गॅदरिंगच्या वेळी भेटली होती बघ. तिचा पहिला पाठ नववी ब वर, माझ्या खिडकीतनं तो वर्ग समोरच दिसतो. समांतर रेषांचं प्रकरण होतं. फळ्याकडे तोंड करून लिहायला लागली ती वळेचना, मागे पोरांनी बाजार मांडला. दुपारी ऑफिसात येऊन पाणी मागितलं, डोळे भरलेले. मला वाटलं ही काय टिकत नाही. पण रोज यायची, टाचणवही घेऊन आपल्या गणिताच्या सरांसमोर बसायची, सर लाल पेनाने अर्धं खोडायचे, दुसऱ्या दिवशी परत लिहून आणायची. एक दिवस सगळा वर्ग मैदानावर. कबड्डीचं मैदान फक्कीने आखलेलं होतंच, मध्यरेषा आणि बोनस रेषा तिने समांतर म्हणून घेतल्या, दोन पोरांना दोरी तिरकी धरायला लावली, ही आपली छेदिका म्हणाली, आणि फळ्यावरचा तो मोठा लाकडी कोनमापक घेऊन पोरं गुडघ्यावर बसून कोन मोजतायत. संगत कोन सापडला की ओरडतायत. व्युत्क्रम कोन मोजताना दोघं भांडली, कुणाचा बरोबर म्हणून. मी बिलं सोडून खिडकीत उभा होतो. ती इंटर्नशिप संपवून गेली तेव्हा नववी ब च्या पोरांनी वर्गणी काढून तिला पेन दिलं.

म्हणून सांगतोय, पहिल्या वर्षीचे चार आणि दुसऱ्या वर्षीचे सोळा आठवडे असतात ना शाळेतले, ते तू स्वतः उभं राहून काढायचेस. तुला येतं ते. तू बारावीत होतीस आणि बंड्या सहावीत, त्याला ऋण संख्या काही केल्या डोक्यात शिरत नव्हत्या, आणि तू त्याला मळ्यातल्या विहिरीवर घेऊन गेलीस. पाण्याची पातळी शून्य, वरच्या पायऱ्या अधिक, पाण्यातल्या उणे. उणे दोनवर उभा रहा म्हणालीस, तो चड्डी वर धरून पाण्यात उभा, आता पाच पायऱ्या चढ, कुठे आलास? तीनवर, असं तो एवढ्या जोरात ओरडला की बांधावरनं शिंदे तात्या बघायला आले. मी स्टार्टरपाशी होतो, मोटर चालू करायची होती, पण तुमचं होईपर्यंत केली नाही. तेव्हा काही बोललो नाही मी. पोरगी मास्तरीण होणार हे मला त्या दिवशीच कळलं होतं, आणि पोटात गोळा पण त्याच दिवशी आला.

गोळा कशाचा ते सांगतो. डिग्रीचं मला टेन्शन नाही, डिग्री तू काढशील. त्याच्या पुढचं थांबणं. बीएड झालं की नववी-दहावीचा रस्ता उघडतो, सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर दोन लागतो, गणित-विज्ञानवाला, दीडशेपैकी नव्वद. तो तू काढशील. पण त्यानंतर भरतीसाठीची ती अभियोग्यता चाचणी, टीएआयटी, दोनशे मार्कांची, तिला पास-नापास काही नाही, मेरिट लागतं, आणि ती कधी होईल याचा भरवसा नाही. पहिली झाली २०१७ ला. दुसरी २०२३ ला. तिसरी २०२५ ला. २०१७ आणि २०२३ च्या मधल्या पोरांचं काय झालं ते मी बघितलंय, आपल्याच शाळेत तासिकेवर, म्हणजे तासाच्या पैशांवर, शिकवायची, मार्चला मोकळी व्हायची, जूनमध्ये परत विचारायला यायची, सर यंदा तास आहेत का. त्यातली हुशार पोरं होती तायडे, तुझ्याइतकी. एक जण आता फलटणला मोबाईलच्या दुकानात आहे. समोर दिसला की मला बोलायला सुचत नाही.

चाचणी झाली तरी जाहिराती पवित्र पोर्टलवर, त्या शिक्षक भरतीच्या साईटवर, कधी पडतात, संस्थेने मागणीच नोंदवली नाही तर काय, आरक्षणाची बिंदुनामावली तपासून येते कधी, हे सगळं माझ्या टेबलावरनं जातं म्हणून मला जास्त दिसतं. तीस सप्टेंबरचा पट धरतात, त्यावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं, पट घसरला की पद गेलं, असलेला शिक्षकच अतिरिक्त ठरतो, मग नवीन कुठनं घेणार. मे-जूनमध्ये आपले सर लोक वाड्यावस्त्यांवर पोरं शोधत फिरतात, ते काय हौसेने फिरतात का.

परत तेच सुरू झालं माझं. आई वाचून म्हणाली, पोरीला धीर द्यायला बसलाय का भीती घालायला. बरं. दुसरं बोलतो.

आत्याच्या जावयाने तुला सांगितलंय म्हणे की थांब, एक वर्षाचा बीएड परत येतोय. एनसीटीईने, बीएड कॉलेजांना मान्यता देणाऱ्या त्या केंद्राच्या परिषदेने, २०२५ ला मसुदा काढलाय हे खरं, पण तो चार वर्षांची डिग्री किंवा एमएस्सी झालेल्यांसाठी आहे. तुझी बीएस्सी तीन वर्षांची. तुला दोन वर्षांचाच करायचाय, त्यांच्या नादाला लागून वर्ष घालवू नकोस. बारावीनंतर डिग्री आणि बीएड मिळून चार वर्षांचा तो एकत्रित कोर्स, आयटीईपी, त्याची सुरुवातच २०२३ ला झाली, तेव्हा तू नुकती बारावी झाली होतीस आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही. बंड्याच्या वेळी बघू, त्याला शिक्षक व्हायचं असलं तर. सध्या तो म्हणतो पोलीस भरती.

आणि प्राथमिकचं पण डोक्यातून काढ. २०१८ ला एनसीटीईने बीएडवाले पहिली ते पाचवीला चालतील असं काढलं होतं, खूप जणांनी त्याच्या जिवावर बीएड केलं, आणि ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ते काढून टाकलं. शिंद्यांच्या सुनेने ते सगळं भोगलंय, तिला विचार. नियम असे मध्येच फिरतात म्हणून मी म्हणतो एकाच दारावर बसू नये. सीटीईटी, ती केंद्राची टीईटी, पण दे, केंद्रीय विद्यालय, नवोदय तिकडे ते चालतं, आणि टीईटी, सीटीईटी दोन्हीची सर्टिफिकेटं आता आयुष्यभर चालतात. पण मार्क वाढवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याचा नंबर ब्लॉक कर. २०१९ च्या टीईटीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा सात हजारांवर लोकांच्या सर्टिफिकेटवर पाणी पडलं, काही जण नोकरीत होते.

आमच्याकडे सध्या काय चाललंय बघ. १ सप्टेंबर २०२५ ला कोर्टाचा निकाल आला, आठवीपर्यंत शिकवणाऱ्या आणि रिटायरमेंटला पाच वर्षांपेक्षा जास्त असलेल्या सगळ्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. पन्नाशीला आलेले सर मधल्या सुट्टीत डबा एका हाताने खातायत आणि दुसऱ्या हातात बालमानसशास्त्राचं पुस्तक. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेली माणसं आहेत. तू आत्ताच काढून ठेव, डोकं ताजं आहे.

एमएस्सी नंतर बाहेरून करता येईल. अकरावी-बारावीला एमएस्सी आणि बीएड दोन्ही लागतं, तुझ्या गणिताला तिथे जागा कधीतरी निघतातच. निघाव्यात. लागलीस तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पूर्ण पगार नाही, ठरलेलं मानधन, माध्यमिकला महिना अठरा हजार. २०२३ च्या आधी आठ हजार होते, म्हणजे बरंच म्हणायचं. क्लासवाल्याच्या पंचवीस हजारांपुढे ते कमी दिसतील आणि तेव्हा तुझ्या मनात येईल की आप्पांचं ऐकून नुकसान झालं.

दत्तामामाला तर सुरुवातीला तेवढे पण नव्हते. हे बघ, काढायचं नाही म्हटलं तरी आलंच. २००३ ला लागला तो, विनाअनुदानित शाळा, आज ना उद्या अनुदान येईल म्हणून. सकाळी डेअरीला दूध घालायचा, मग शाळा, मग रात्री शिकवण्या. आझाद मैदानावर उपोषणाला जाऊन बसला, तुझी मामी इकडे देवाला साकडं घालत होती. २०१६ ला वीस टक्के अनुदान लागलं तेव्हा पेढे घेऊन आला होता, वीस टक्के पगाराचे पेढे, तू लहान होतीस, तू दोन खाल्लेस. नेमणूक २००५ च्या आधीची असून शाळेला अनुदान नंतर आलं म्हणून पेन्शनचं अजून भिजत पडलंय. आणि त्याच्यासारखा इतिहास शिकवणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. प्रतापगड सांगायला लागला की वर्गातला पंखा बंद झालेला पोरांना कळायचा नाही. त्याला कुणी विचारलं परत तेच करशील का तर हो म्हणतो. मला ते हो ऐकवत नाही, आणि तुझं बोलणं फोनवर अगदी त्याच्यासारखं येतं.

एक सांगून ठेवतो, उद्या कुणी आलं, आमच्या संस्थेत जागा आहे, एवढे द्या, तर मी देणार नाही. मळा विकणार नाही. पैसे नाहीत म्हणून नाही, तशी वेळ आली तर आई दागिने काढून देईल हे पण मला माहिती आहे, म्हणूनच आधी सांगतोय. वर्गात जाताना तुझी मान ताठ पाहिजे.

तर फॉर्म असा भर. पहिला ऑप्शन साताऱ्याचं आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन, रयतचं आहे, तिथनं एसटीने रविवारी घरी येता येईल. त्याच्या खाली जी टाकशील त्यांची एनसीटीईची मान्यता साईटवर जाऊन स्वतः बघ, एजंटने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नकोस. तिथे शिकलेल्या कुणाला तरी फोन करून विचार, पाठ खरंच होतात का, निरीक्षणाला मॅडम मागच्या बाकावर बसतात का नुसती सही करतात. अध्यापन पद्धतीत गणित आणि विज्ञान घे, भूगोल सोपा म्हणून घेऊ नकोस. हॉस्टेल आणि मेसचे पैसे मी बघतो, पतसंस्थेचा हप्ता येत्या मार्चला संपतोय. क्लासवाल्याला महिनाअखेर सांगून टाक, अर्धवट सोडून येऊ नकोस, तिथली दहावीची पोरं आता तुझ्यावर आहेत.

आणि समजा सगळं करून जागा निघाल्याच नाहीत, तर दोन-तीन वर्षं घरी ये, आपल्याकडे शिकवण्या घे, कुणी काही बोलणार नाही. आक्का लग्नाचं बोलेल, ते मी बघून घेईन. निघतील जागा. गणिताचे दोन सर आपल्या तालुक्यात लवकरच रिटायर होतायत, मी सेवापुस्तिका बघून सांगतोय.

आत्याला नमस्कार सांग, गोळ्या संपल्या असतील तर आणून दे.

तुझे
आप्पा

ता.क. फॉर्म भरताना रात्री कितीही उशीर झाला तरी फोन कर, मी गच्चीवर रेंजमध्ये बसतो. दहावी-बारावीचे मार्कशीट आणि टीसी स्कॅन करून तुझ्या मेलवर टाकलेत. आईने डिंकाचे लाडू केलेत, सोमवारी जगतापांचा पोरगा पुण्याला येतोय त्याच्याकडे देते म्हणते, डबा आठवणीने परत पाठव.