इन्व्हर्टरच्या बिलावर ‘वेव्ह’ कोणती ते लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमळनेरात माझं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान आहे. २६ वर्षं हेच काम करतोय. आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की आमचा सीझन सुरू होतो. पारा ४४-४५ वर जातो, कूलर रात्रंदिवस चालतात, वळवाचा वारा सुटला की तारा तुटतात आणि लाइट जाते. मग घरोघरी इन्व्हर्टरवर पंखे चालतात, आणि आठ-पंधरा दिवसांनी त्यातले काही माझ्या बाकावर येतात.

परवाच एक शेतकरी भाऊ सीलिंग फॅन घेऊन आले. म्हणाले, “भाऊ, हाऊ पंखा रातले रडस.” लाइटीवर गुपचूप चालतो, इन्व्हर्टरवर गेला की घुंऽऽ करतो. पंखा खोलला. एखादी कॉइल शॉर्ट झाली तर तेवढीच काळी पडते. इथे सगळं वाइंडिंग एकसारखं करपलेलं होतं, वार्निशला हात लावला तर भुकटी निघत होती. बेअरिंग धरलं तरी असं होतं, म्हणून शाफ्ट फिरवून बघितला. तो मोकळा होता. याचा अर्थ मोटार बरेच दिवस आतून भाजत होती. त्यांना विचारलं, इन्व्हर्टर कोणत्या वेव्हचा, म्हणजे त्याच्या विजेच्या लाटेचा आकार कोणता? ते म्हणाले, “९०० चा.” बिल मागवलं. त्यावरही ९०० व्हीए (इन्व्हर्टरची ताकद) आणि बॅटरीचे अँपिअर-अवर (तिची साठवण) एवढंच. वेव्हचा उल्लेख नाही. पत्र लिहायला बसलो ते याचसाठी.

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते. सेकंदाला ५० वेळा ती एका दिशेला चढते, उतरते, मग उलट दिशेला चढते, उतरते. गिऱ्हाइकांना मी आखाजीच्या झोक्याचं उदाहरण देतो. लिंबाला बांधलेला झोका वर जाताना आपोआप मंदावतो, क्षणभर थांबतो, परत येतो. कुठेच हिसका नसतो. ही साइन वेव्ह. आता तोच झोका कोणी धक्का मारून एकदम वर नेला, तिथे धरून ठेवला, एकदम मधे आणून थांबवला आणि पुन्हा धक्का मारून दुसऱ्या बाजूला नेला, तर वर बसलेल्या पोरीचं काय होईल? ही मॉडिफाइड साइन वेव्ह. मधलं थांबणंही काढून टाकलं की झाली स्क्वेअर वेव्ह. ५० फेऱ्या तिन्हींत होतात, फरक पडतो तो हिसक्याचा.

त्या हिसक्यांमुळे ५० हर्ट्झसोबत वरच्या, भलत्याच फ्रीक्वेन्सींची वीजही मोटारीत शिरते. तिने पंखा फिरायला मदत होत नाही. ती कॉइल आणि मोटारीच्या आतल्या लोखंडी पत्र्या तापवते, पत्र्या थरथरवते. रात्री ऐकू येणारी घुंऽऽ ती हीच. कूलरच्या पंपाचं, मिक्सरचं, जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरचंही तसंच. प्युअर साइन वेव्हच्या इन्व्हर्टरमध्ये बॅटरीची वीज फार वेगाने चालू-बंद करून, मग कॉइल आणि कपॅसिटरमधून गाळून तिला गोल आकार देतात. त्या कामाचे पैसे जास्त पडतात, पण मी घेतला तेव्हा दोन्हींतला फरक दोन हजारांच्या आत होता. एक पंखा भरून द्यायची मजुरी आणि तांबं धरलं, तर दोन-तीन पंख्यांत तो वसूल होतो.

मला हे समजलं ते घरच्या प्रसंगातून. आईला दम्याचा जुना त्रास, चुलीच्या धुरात आयुष्य गेलं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेचं यंत्र) ठेवायला सांगितलं. इन्व्हर्टर घेताना मी दुकानदाराला यंत्राचं नाव सांगितलं होतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘डिजिटल साइन’ असं होतं, मी विश्वास ठेवला. जूनमध्ये एका रात्री लाइट गेली. यंत्र इन्व्हर्टरवर आलं, त्याचा आवाज जाड झाला, पाऊण तासात कॉम्प्रेसर तापला आणि अलार्म वाजवून यंत्र बंद पडलं. आई उठून बसली, दोन्ही हात पलंगाच्या कडेला टेकवून श्वास ओढत होती. शेजाऱ्यांची गाडी काढून सिलिंडर आणेपर्यंतची ती वीस मिनिटं मी विसरू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने मल्टीमीटर लावला, इन्व्हर्टरवर १८२ व्होल्ट दिसले. तो म्हणाला, व्होल्टेज कमी आहे, स्टॅबिलायझर लावा. मलाही ते पटलं. स्टॅबिलायझर लावला, तरी घुंऽऽ तशीच. मग ओळखीच्या एका टेक्निशियनने त्याचा ट्रू आरएमएसचा मीटर आणला, म्हणजे लाट कोणत्याही आकाराची असली तरी खरं व्होल्टेज दाखवणारा. इन्व्हर्टरला सरळ लावला तर त्यावर २२८ दिसले. व्होल्टेज कमी नव्हतंच. साधा मीटर लाट गोल आहे असं धरून हिशोब करतो, त्यामुळे मॉडिफाइड लाटेवर तो कमी दाखवतो. वायरमन मंडळींनी हे लक्षात ठेवावं, कारण असे स्टॅबिलायझर गावोगावी विकले जात आहेत. स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळतो, लाटेचा आकार त्याला बदलता येत नाही.

नंतर यंत्राची पुस्तिका नीट वाचली. प्युअर साइन वेव्हच वापरावी, असं त्यात स्पष्ट छापलं होतं.

मॉडिफाइड इन्व्हर्टर घेऊच नये असं मी म्हणत नाही. मोबाइलचा चार्जर, लॅपटॉप, वायफायचा राउटर, टीव्ही यांच्या आत वीज आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेची, होते, त्यामुळे बहुतेकांचं त्यावर भागतं. ज्यांच्याकडे दोन दिवे आणि एक चार्जर एवढंच आहे, त्यांनी उगाच जास्त पैसे घालू नयेत. पण स्वस्तातले काही एलईडी बल्ब नुसत्या कपॅसिटरवर चालतात, ते अशा लाटेवर जास्त करंट ओढतात आणि लवकर जातात. काही डेस्कटॉप कॉम्प्युटरचा पॉवर सप्लायही त्रास देतो. आणि जिथे मोटार आहे, त्यातही श्वासाचं यंत्र आहे, तिथे प्युअर साइनशिवाय दुसरं काही घेऊ नका. प्युअर असला तरी बॅटरीचा हिशोब करा. ३५० वॉटचं यंत्र १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर साडेतीन-चार तास चाललं तर चांगलं समजा. रात्रभराचा भरवसा धरू नका, सिलिंडर घरात असूच द्या.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या इन्व्हर्टर विक्रेत्यांना माझी हात जोडून विनंती आहे. ‘डिजिटल’, ‘स्मार्ट’, ‘साइनसारखा’ असले शब्द सोडा. बिलावर मराठीत एक ओळ लिहा : प्युअर साइन, मॉडिफाइड किंवा स्क्वेअर. घरात आजारी माणूस आहे का, एवढं विचारा. लिहून दिलं की गिऱ्हाईक बदलून मागायला येईल, अशी भीती वाटत असेल तर माल विकण्याआधीच खरं सांगावं. ग्राहक संरक्षण परिषदांनीही या एका ओळीचा आग्रह धरावा.

आणि घेणाऱ्यांनी मीटर नसला तरी चालेल, पंखा सोबत न्यावा. साधा, कॉइलवाला पंखा हवा, नवीन बीएलडीसी (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) नको, कारण तो दोन्हींवर गुपचूप चालतो. आधी लाइटीवर फुल स्पीडला फिरवून ऐकायचा, मग इन्व्हर्टरवर. आवाज बदलला तर पैसे देऊ नका. आईचा इन्व्हर्टर बदलताना मी टेबल फॅन काखेत मारून दुकानात गेलो होतो. दुकानदार आधी नाराज झाला, मग त्यानेच शेजारच्या दुकानाचा गलका थांबवला आणि आम्ही दोघांनी कान लावून ऐकलं. आता लाइट गेली तरी आईच्या यंत्राचा आवाज बदलत नाही.

आपला नम्र,
एक रिवायंडिंग कारागीर,
अमळनेर, जि. जळगाव