‘संशोधन विधेयक’ नव्हे, दुरुस्ती विधेयक

महोदय,

संसदेचे अधिवेशन सुरू झाले की मराठी बातम्यांत ‘संशोधन विधेयक’ हमखास उगवते. मराठीत संशोधन प्रयोगशाळेत नाहीतर दप्तरखान्यात चालते. कायद्यात होते ती दुरुस्ती. १९७६ ची ४२वी घटनादुरुस्ती हिंदीत ‘४२वां संशोधन’ आहे आणि तिथे ते बरोबरच आहे. हिंदीतून मजकूर घेताना घोटाळा होतो तो लिपी तीच आणि शब्द संस्कृत असल्यामुळे. मजकूर इंग्रजीतून आला असता तर निदान शब्दकोश तरी उघडला गेला असता.

संस्कृत शब्दाचा पसारा मोठा असतो आणि प्रत्येक भाषा त्यातला आपल्याला हवा तेवढा अर्थ उचलते. ‘शिक्षा’ हे सहा वेदांगांपैकी एकाचे, म्हणजे उच्चारशास्त्राचे नाव. हिंदी-बंगालीने त्यातले शिकणे ठेवले. मराठी, कन्नड, तेलुगू, मल्याळम या भाषांत ‘शिक्षा’ दंडावर जाऊन पोचली. शिकण्यासाठी मराठी-कन्नडने ‘शिक्षण’ वेगळे ठेवले. ‘सर्व शिक्षा अभियान’ ही केंद्राची योजना २००१ मध्ये आली, तिचे नाव जसेच्या तसे आपल्या फलकांवर रंगले आणि शाळेच्या भिंतीवरच सगळ्यांना शिक्षा जाहीर झाली!

‘उपन्यास’ हिंदी-बंगालीत कादंबरी, कन्नड-तेलुगूत व्याख्यान. त्यामुळे कर्नाटकातल्या महाविद्यालयातला ‘उपन्यासक’ कादंबऱ्या लिहीत नाही, तास घेतो. कादंबरीला मराठी आणि कन्नड दोघीही बाणभट्टाच्या नायिकेचेच नाव देतात. पण यावरून उत्तर-दक्षिण अशी सरळ रेघ ओढू नये. ‘राग’ म्हणजे संताप, हा अर्थ आपल्याबरोबर बंगालीतही आहे.

‘हरकत’ तर जरा थांबून पाहण्यासारखा शब्द. अरबीत हरकत म्हणजे हालचाल; अरबी लिपीतल्या ऱ्हस्व स्वरांच्या खुणांनाही तेच नाव आहे. हिंदीत तिचे चाळे झाले, मराठीत आक्षेप. गवई मात्र अजून ‘हरकत’ (सुरांची छोटी, चपळ फिरत) घेतो, तिथे मूळची हालचाल शाबूत आहे. म्हणून हिंदी मथळ्यातली सीमेवरची ‘नापाक हरकत’ मराठीत तशीच ठेवली तर शेजारी देशाने लेखी आक्षेप नोंदवल्यासारखे वाटते. आपल्याकडे त्याला कुरापत म्हणतात, नाहीतर आगळीक. उलट हिंदीतले ‘अनापत्ति प्रमाण पत्र’ म्हणजे आपले ना हरकत प्रमाणपत्र. हिंदी ‘आपत्ति’ म्हणजे आक्षेप, मराठी ‘आपत्ती’ म्हणजे संकट. ‘विरोधकांनी आपत्ती नोंदवली’ असे छापले की पूर आला की काय, असे वाटते.

दिसण्यावरून नाते जोडण्याची चूक व्युत्पत्तीतही होते आणि व्हॉट्सॲपवर ती फार जोरात फिरते. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा रूपाने आणि अर्थाने इतका मेळ बसतो की नाते असणारच असे वाटते. ते नाही. ‘बद’चे पहलवीतले, म्हणजे फारसीच्या आधीच्या रूपातले, रूप ‘वद’ आहे. म्हणजे मागे जावे तसे साम्य विरत जाते. खरे नाते नियमाने चालते: संस्कृत ‘प’समोर इंग्रजी ‘फ’ येतो, पितृ–फादर, पाद–फूट, पंच–फाइव्ह. एका जोडीने काही सिद्ध होत नाही, अशी रांग लागावी लागते.

आणि सख्खे नातेवाईक कधी कधी ओळखूही येत नाहीत. ग्रीक ‘डिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे, ज्यावर लिहीतही असत. त्यातून फारसीमार्गे ‘दफ्तर’ आले. हिंदीत ते ऑफिस, इंडोनेशियन भाषेत यादी, स्वाहिलीत वही आणि मराठीत पोरांच्या पाठीवरची पिशवी झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरात मात्र कागदपत्रांचा जुना अर्थ टिकून आहे. गळ्यात चामड्यासारखा पडदा धरणाऱ्या रोगाला फ्रेंच वैद्य ब्रेतोनो यांनी १८२६ मध्ये याच ग्रीक शब्दावरून नाव दिले. तो डिप्थेरिया, आपला घटसर्प.

बातमी लावताना एवढे खोलात जायला वेळ नसतो हे मान्य. त्यासाठी एक झटपट कसोटी आहे: शब्दावरून तो करणारा माणूस तयार करून पाहावा. संशोधन करणारा संशोधक. मग विधेयक मांडणारा खासदार शास्त्रज्ञ झाला का? शिक्षा देणारा न्यायाधीश असतो, मास्तर नव्हे (निदान आता नव्हे). ही कसोटी सगळीकडे चालत नाही. ‘सूचना’ तिच्यातून निसटते, कारण ‘सूचना का अधिकार’ मराठी वाचकाला सूचना करण्याचा अधिकार म्हणून सहज पटतो. प्रत्यक्षात तो २००५ चा माहितीचा अधिकार आहे. अशा वेळी भाषा संचालनालयाचा शासन व्यवहार कोश पाहावा. जुना अर्थ हवा असेल तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ ची आवृत्ती.

‘व्यस्त’च्या (मराठीत उलटा, हिंदीत कामात गुंतलेला) बाबतीत लढाई हरल्यात जमा आहे. गणितात व्यस्त चलन शिकणारे मूल मंत्री ‘व्यस्त’ असल्याचे वाचते आणि त्याचा काही गोंधळ होत नाही. ते राहू द्यावे. कायद्याच्या आणि न्यायालयाच्या बातम्यांत मात्र एवढी सूट नको. तिथे ‘संशोधन’ आणि ‘आपत्ती’ हे दोन शब्द आधी अडवावेत.

आपला,
एक अनुवादक वाचक, पुणे