तुमची एक अमावास्या मी खाल्ली, दादा

दादा, नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. पण मेसेजमध्ये नुसतं थँक्यू टाकून माझं समाधान होईना म्हणून हे उघड लिहितोय.

झालं काय, सेकंडहँड सहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे आरशाची साधी दुर्बीण, घेतला आणि आरशावर धूळ दिसली म्हणून नको ते शहाणपण केलं, आरसा काढून धुतला, परत बसवला, तर प्रत्येक ताऱ्याला शेपटी फुटलेली! दोन आठवडे डोकं आपटलं आणि शेवटी तुम्हाला विचारलं की हा घेणारं कोणी आहे का. तुम्ही किंमत वगैरे काही विचारलीच नाही, डायरेक्ट म्हणालात, "आधी कॉलिमेशन बघू, व्हिडिओ कॉल लावा." कॉलिमेशन म्हणजे दुर्बिणीचे आरसे नीट एका रेषेत आणणं.

मग कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डबीच्या झाकणाला बरोब्बर मधोमध भोक पाडायला लावलंत, डबीचा तळ कापायला लावलात आणि ती आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, जागी बसवून त्यातून आत बघायला सांगितलंत. मागे जाऊन आरशाचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पळत पुढे येऊन डोळा लावायचा, परत मागे. नळी एवढी लांब की स्क्रूपर्यंत हातच पोचत नाही. माझी चिडचिड चाललेली आणि तुम्ही शांतपणे, "उलटा फिरवा, घाई नाही." आत दिसणारा तो काळा ठिपका आरशाच्या मधोमध असलेल्या रिंगमध्ये जाऊन बसला तेव्हा मी ओरडलोच होतो, आठवतंय ना?

त्या पळापळीतच तुम्ही हेल-बॉपची गोष्ट सांगितलीत. १९९५ मध्ये तो धूमकेतू सापडला तेव्हा थॉमस बॉपकडे स्वतःची दुर्बीण नव्हती, मित्राच्या दुर्बिणीला डोळा लावलेला होता. धूमकेतूला नाव लागलं बॉपचं आणि दुर्बीणवाला मित्र राहिला बाजूलाच. मला तेव्हापासून त्या मित्राचंच जास्त कौतुक वाटतंय.

एकजूट म्हटलं की मला आपलं मोर्चे, घोषणा असलंच आठवायचं. इथे ना ओळख ना पाळख, समान धागा म्हणजे रात्री जागायचं वेड, बास. पण मला खरा धक्का नंतर बसला. त्या दिवशी अमावास्या होती, आकाश स्वच्छ, आणि तुमची दहा इंची बाहेर मांडून तयार होती, एम ५१ या दीर्घिकेच्या सर्पिल भुजा दिसतात का बघायला, हे तुम्ही बोललाच नाहीत, मला दुसऱ्याकडून कळलं. वर्षात असल्या रात्री मिळतात किती? मी असतो तर प्रामाणिकपणे सांगतो, "उद्या बघू" म्हणालो असतो.

आता माझे तारे टिंबासारखे दिसतात. डबी जपून ठेवलीये. आरसा परत धुणार नाही, शप्पथ.

तुमच्या त्या भुजा दिसल्या का, तेवढं मात्र कळवा.