माहिती पुसण्याचा हक्क आहे, सोबत नेण्याचा का नाही?

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कायद्यातील बहुतांश तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. सध्या याविषयीची चर्चा संमती, माहितीची गळती आणि दंडाची रक्कम यांभोवतीच फिरते. एका ऑनलाइन सेवेकडे साठलेली आपली माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत घेण्याचा, किंवा थेट दुसऱ्या सेवेकडे पाठवायला लावण्याचा हक्क या कायद्यातून गळाला आहे, त्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

या कायद्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात हा हक्क होता; २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकातही होता. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि पुढच्या वर्षी झालेल्या कायद्यात तो उरला नाही. तरतुदी लागू झाल्या की कलम ११ प्रमाणे आपल्याला मागता येतो तो आपल्या माहितीचा गोषवारा आणि ती कोणाला दिली त्यांची नावे. कलम १२ प्रमाणे चूक दुरुस्त करून घेता येते, माहिती पुसायलाही लावता येते. म्हणजे ‘माझ्या नोंदी नष्ट करा’ असे कंपनीला सांगण्याचा अधिकार मला आहे, पण ‘त्या जशाच्या तशा माझ्या हाती द्या’ असे सांगण्याचा नाही. हे मला अन्यायाचे वाटते.

याची झळ शहरातल्या ग्राहकांनाच बसते असे कोणी समजू नये. आमच्या रावेर-यावल पट्ट्यातही केळीची वही आता मोबाइलवर गेली आहे. लागवडीची तारीख, माती आणि पानदेठ परीक्षणाचे अहवाल, ठिबकमधून सोडलेल्या विद्राव्य खतांच्या मात्रा, हरण्या किंवा करपा हा रोग बागेच्या कोणत्या भागात कधी दिसला, कापणीला घडाची रास, म्हणजे सरासरी वजन, किती पडली, हे सारे शेतकरी स्वतः भरतो. माझ्या मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीच्या) आणि तिच्यामागून त्याच झाडांच्या पिलांवर धरलेल्या पिलबागेच्या नोंदी अशाच एका ॲपवर आहेत. त्या सेवेने शुल्क वाढवल्यावर मी नोंदी मागितल्या, तेव्हा मिळाली ती हंगामाच्या बेरजा आणि आलेखांची चित्रे असलेली एक पीडीएफ. तारीखवार आकडे त्यात नव्हते. नव्या ॲपला ती चित्रे वाचता येत नाहीत. बागेत पोटॅश कधी कमी पडते हे त्याला कळायला पुन्हा सगळा हंगाम जावा लागतो. त्यामुळे माणूस मुकाट्याने वाढीव शुल्क भरून आहे तिथेच राहतो. शेताची नोंद वैयक्तिक कशी, असे कोणी विचारील. पण कायद्यातील व्याख्या ओळखता येणाऱ्या व्यक्तीविषयीच्या माहितीची आहे, आणि ही नोंद माझ्या नावाला, मोबाइल क्रमांकाला आणि गट क्रमांकाला जोडलेली आहे.

युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्याच्या कलम २० नुसार, व्यक्तीने दिलेली माहिती सुसंघटित, सर्रास वापरल्या जाणाऱ्या आणि यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात तिला परत द्यावी लागते, तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे थेट दुसऱ्या सेवेकडे पाठवावी लागते, आणि तेही सहसा विनाशुल्क. कंपनीने त्या माहितीवरून स्वतः काढलेले निष्कर्ष मात्र या हक्कात येत नाहीत. ही मर्यादा मला रास्त वाटते: सल्ला देण्याची पद्धत कंपनीने जरूर गुपित ठेवावी, मी भरलेले आकडे हे तिचे व्यापारी गुपित असू शकत नाही. माहिती तोतयाच्या हाती पडण्याची भीती खरी आहे. त्यासाठी मागणाऱ्याची ओळख नीट पडताळावी, हक्कच नाकारू नये.

आपल्याकडे हे जमणार नाही, असेही नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीतील अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्थेतून २०२१ पासून खातेदाराच्या संमतीने एका बँकेतील माहिती दुसऱ्या संस्थेकडे जाते. पैशाच्या नोंदींना जे साधले, ते पिकाच्या, आरोग्याच्या किंवा दुकानाच्या बिलांच्या नोंदींना का साधू नये?

नियमांमधून नवा हक्क निर्माण होणार नाही, त्यासाठी संसदेत कायद्यातच दुरुस्ती करावी लागेल. जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबारच्या खासदारांनी तरतुदी लागू होण्याआधीच हा प्रश्न लोकसभेत लावून धरावा. तोपर्यंत राज्याच्या कृषी विभागाला एवढे तरी करता येईल, की ज्या खासगी ॲपला सरकारी योजनेत स्थान किंवा शेतकऱ्यांची माहिती द्यायची, त्याने शेतकऱ्याच्या तारीखवार नोंदी सीएसव्हीसारख्या (कोणत्याही ॲपला वाचता येणाऱ्या साध्या तक्त्याच्या) खुल्या स्वरूपात, मोफत आणि ठरावीक मुदतीत परत दिल्या पाहिजेत, अशी अट करारातच घालावी.

आपला,
एक केळी उत्पादक,
ता. रावेर, जि. जळगाव